द्रावणाचा रंग कसा वाचायचा: मोरचूदापासून निकेलपर्यंत

कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक राहिलं की ते कळकतं. भांड्याच्या कडेला हिरवट-निळी झाक दिसली की आजी ते ताक मोरीत ओतून देत असे. ती झाक म्हणजे आंबट ताकाने पातेल्यातून ओढून घेतलेलं तांबं. आता गंमत बघा: तांबं लालसर, पितळ पिवळं, आणि झाक मात्र हिरवट-निळी. धातूचा रंग वेगळा आणि तोच धातू आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होऊन पाण्यात उतरला की त्याचा रंग वेगळा.

अकरावी-बारावीच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घेताना मला जाणवायचं की एवढं सगळ्यांना पाठ असतं. जर्नलच्या मागच्या पानावर तक्ताही असतो: निळा म्हणजे कॉपर, हिरवा म्हणजे निकेल, गुलाबी म्हणजे कोबाल्ट. एकदा एका मुलाने हिरव्या सॉल्टच्या द्रावणात अमोनिया घातला, द्रावण निळं झालं, आणि त्याने खुशाल ‘कॉपर’ लिहून टाकलं. सॉल्ट निकेलचं होतं. तक्ता चुकीचा नव्हता, पण तक्त्यातला रंग हा पाण्याने वेढलेल्या आयनाचा रंग असतो. पाण्याच्या जागी अमोनिया आला की सोबत बदलते, आणि सोबत बदलली की रंग बदलतो. म्हणून एकटा रंग बघून उत्तर द्यायचं नाही. सोबत मुद्दाम बदलायची आणि रंग कोणत्या वाटेने जातो ते बघायचं. पुढचं सगळं त्यासाठी आहे.

आधी बघायला शिका

रंग बघण्यात काय शिकायचं, असं वाटेल. पण निम्म्या चुका इथेच होतात. परीक्षानळीमागे पांढरा कागद धरा आणि खिडकीच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली फिकट निळा आणि फिकट हिरवा यांत फरक करणं अवघड जातं. शेजारी तेवढंच साधं पाणी भरलेली दुसरी नळी ठेवा, म्हणजे ‘रंगहीन’ कशाला म्हणायचं ते डोळ्याला कळतं. रंग फारच फिका असेल तर नळी पांढऱ्या कागदावर उभी धरून वरून आत बघा. आडव्या बाजूने दीड सेंटिमीटर द्रावण दिसतं, वरून दहा सेंटिमीटर. मँगनीजच्या द्विसंयुजी, म्हणजे दोन धन भार असलेल्या, आयनाचा गुलाबी रंग इतका पुसट असतो की आडवं बघून बरेच जण त्याला रंगहीन ठरवून मोकळे होतात.

पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) घ्या. बोअरच्या जड पाण्यात मोरचूद टाकलं तर द्रावण गढूळ होतं, कारण त्या पाण्यातले बायकार्बोनेट तांब्याला खाली बसवू लागतात. ते गढूळपण बघून कोणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, सॉल्टच खराब आहे का?’

मोरचूद: एका क्षारावर अख्खा धडा

सुरुवात तांब्याने करा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, कृषी सेवा केंद्रात सहज मिळतं. मात्र ते विषारी आहे. स्वयंपाकघरातले चमचे-वाट्या वापरू नका, हातमोजे आणि चष्मा घाला, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

पहिला प्रयोग पाण्याशिवायच करायचा. मोरचूदाचे चार-पाच खडे कोरड्या परीक्षानळीत घ्या, नळीचं तोंड किंचित खाली झुकवून धरा आणि मंद आचेवर तापवा. खडे फुटून पांढरी पूड होते आणि नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात. तोंड खाली ठेवायचं ते याचसाठी, नाहीतर हे पाणी तापल्या काचेवर उलटं ओघळतं आणि नळी तडकते. आच फार मोठी ठेवली तर पूड करपून काळसर होईल. नळी पूर्ण गार झाल्यावर पांढऱ्या पुडीवर पाण्याचा एक थेंब टाका. निळा रंग परत येतो आणि नळी हाताला कोमट लागते.

इथे तांबं कुठे गेलं नव्हतं, सल्फेटही तिथेच होता. गेलं होतं ते फक्त पाणी, आणि त्याच्याबरोबर निळा रंगही गेला. मुलांना मी हा प्रयोग आधी करायला लावते, सिद्धांत नंतर सांगते.

आता द्रावण करा. १०० मिलिलिटर पाण्यात २.५ ग्रॅम मोरचूद, म्हणजे साधारण ०.१ मोलार द्रावण. ढवळून स्वच्छ निळं झालं की पाच परीक्षानळ्यांत पाच-पाच मिलिलिटर ओता. पहिली नळी तशीच ठेवा, ती तुलनेसाठी.

दुसऱ्या नळीत विरल अमोनिया घाला, पण थेंबाथेंबाने, आणि प्रत्येक थेंबानंतर नळी हलवून. आधी फिकट निळा अवक्षेप, म्हणजे न विरघळणारा साका, येतो, दह्यासारखा. आणखी थेंब पडले की तो विरघळतो आणि गर्द जांभळट-निळं द्रावण उरतं. घाईत अख्खा ड्रॉपर रिकामा केला तर मधला अवक्षेप दिसतच नाही, आणि तो दिसणं हीच तर निम्मी खूण आहे. हे काम हवेशीर जागेत करा, अमोनिया डोळ्यांना झोंबतो.

तिसऱ्या नळीत मीठ, जेवणातलंच, विरघळेल तेवढं. निळा रंग हिरवटाकडे झुकतो. प्रयोगशाळेत फ्यूम हूडखाली मिठाऐवजी संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर तो थेट पिवळसर हिरव्यावर जातो. मग त्यात भरपूर पाणी घाला, निळा परत येतो. पाण्याचे रेणू क्लोराइडला हुसकून आपली जागा परत घेतात.

चौथ्या नळीत धुण्याच्या सोड्याचं द्रावण. निळसर हिरवा साका बसतो, आणि त्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसून पुन्हा निळं द्रावण. पाचव्या नळीत सँडपेपरने घासलेला लोखंडी खिळा टाकून तासभर विसरून जा. खिळ्यावर तांबूस थर चढतो, द्रावणाची निळाई उतरत जाते. लोखंड आयन होऊन द्रावणात जातं आणि तांबं धातू होऊन बाहेर येतं.

ही पाचवी नळी नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांना नवी नाही. बोर्डो मिश्रण करताना, म्हणजे एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, शेवटी त्यात लोखंडी विळा किंवा सुरी बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर मोकळं तांबं शिल्लक आहे, पानं करपतील, आणखी चुना हवा. या मिश्रणाचा जन्मही रंगाच्याच करामतीतून झाला. फ्रान्समधल्या बोर्डो भागात शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर चुना आणि मोरचूद शिंपडत, ते वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. निळसर डाग पडलेली फळं कोणी तोंडात घालत नसे. त्या वेलींवर केवडा रोग नाही, हे १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, आणि १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं.

हे होतं कसं

दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये मावतो. द्रावण त्यातला काही भाग गिळतं, आणि उरलेला आपल्याला दिसतो. म्हणजे द्रावणाचा रंग हा खाऊन उरलेला रंग. पाण्याने वेढलेला तांब्याचा आयन लालच्या टोकापलीकडे, ८०० नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जास्त प्रकाश गिळतो, त्यात लाल भागही जातो, म्हणून उरतो निळा.

हे गिळणं आयनाच्या ‘डी’ कक्षकांतले, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ठराविक जागांतले, इलेक्ट्रॉन करतात. एकट्या आयनात पाचही डी कक्षक एकाच ऊर्जेचे असतात. भोवती पाणी, अमोनिया किंवा क्लोराइड येऊन बसले की काही कक्षक वर जातात, काही खाली, आणि मधल्या अंतराएवढी ऊर्जा असलेला प्रकाश शोषला जातो. सोबती जितका जोरकस, तितकं अंतर मोठं. क्लोराइड दुबळा, पाणी त्याहून जोरकस, अमोनिया त्याहून, आणि सायनाइड सर्वांवर कडी. सोबत्यांचा हा क्रम जपानी रसायनतज्ज्ञ र्‍युतारो त्सुचिदा यांनी १९३८ मध्ये मांडला. तांब्याभोवती अमोनिया आला की शोषण ८०० वरून सरकून ६०० नॅनोमीटरच्या आसपास येतं, नारिंगी-पिवळा भाग गिळला जातो, शिवाय भूकही वाढते. म्हणून रंग नुसता बदलत नाही, गडदही होतो.

डी कक्षक पूर्ण रिकामे किंवा पूर्ण भरलेले असतील तर ही उडी मारायला जागाच नसते. झिंक, ॲल्युमिनियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम, सोडियम यांची साधी द्रावणं रंगहीन असतात ती यामुळे. परीक्षेत पांढरं सॉल्ट आणि रंगहीन द्रावण मिळालं की मुलं हिरमुसतात. खरं तर तांबं, निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम एका नजरेत यादीतून कापले गेलेले असतात.

लोह: सर्वांत फसवं

हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. १०० मिलिलिटर पाण्यात २.८ ग्रॅम विरघळवा, त्यात विरल सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब घाला. ताजं द्रावण अगदी फिकट हिरवं असतं. आम्ल न घालता तेच उघडं ठेवून दिलं तर दुसऱ्या दिवशी पिवळसर तपकिरी आणि गढूळ. हवेतल्या ऑक्सिजनने द्विसंयुजी लोहाचं त्रिसंयुजी (तीन धन भारांचं) लोह केलेलं असतं. म्हणून लोहाचं द्रावण मिळालं की पहिला प्रश्न हा, की ते किती जुनं आहे?

त्रिसंयुजी लोहाचा रंग पुस्तकात पिवळा किंवा तपकिरी लिहितात. वास्तविक, फक्त पाण्याने वेढलेला हा आयन फिकट जांभळा असतो. फेरिक ॲलमचे स्फटिक बघा, त्यांना ती झाक असते. पिवळा रंग येतो कारण हा आयन पाण्याच्या रेणूंतून हायड्रोजन काढून टाकतो आणि त्याच्याभोवती हायड्रॉक्साइड तयार होतात. फेरिक क्लोराइडच्या बाबतीत क्लोराइडही त्यात भर घालतो. म्हणजे तक्त्यातला पिवळाही सोबतीचाच.

सॉल्ट ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अनोळखी क्षारातले आयन ओळखताना, तिसऱ्या गटाच्या (लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम) परीक्षेआधी संहत नायट्रिक आम्लाचे थेंब घालून उकळायला सांगतात, ते का, हे विचारलं तर वर्गात शांतता पसरते. लोह द्विसंयुजी राहिलं तर अमोनियम क्लोराइड आणि अमोनियाने ते नीट खाली बसत नाही. नायट्रिक आम्ल त्याला त्रिसंयुजी करतं, मग तांबूस तपकिरी अवक्षेप पुरता येतो.

खात्री करायची असेल तर त्रिसंयुजी लोहात पोटॅशियम थायोसायनेटचा एक थेंब टाका. रक्तासारखा लाल रंग येतो, तोही लोह अगदी नावाला असलं तरी. त्यामुळे घाणेरड्या ड्रॉपरने किंवा गंजलेल्या चमच्यानेही ही परीक्षा ‘यशस्वी’ होऊ शकते, म्हणून साध्या पाण्यात तोच थेंब टाकून आधी बघावं. मग त्या लाल द्रावणात फॉस्फोरिक आम्लाचे काही थेंब घाला, लाल उडून जातो. फॉस्फेटने थायोसायनेटला बाजूला सारलं, लोह आहे तिथेच आहे. द्विसंयुजी की त्रिसंयुजी हे ठरवायला फेरोसायनाइड आणि फेरिसायनाइडही आहेत. पहिलं त्रिसंयुजीबरोबर गर्द निळं होतं, दुसरं द्विसंयुजीबरोबर.

हेच घरी बघायचं असेल तर कोऱ्या चहात हिराकसाचा कण टाका. चहातल्या टॅनिनमुळे तो शाईसारखा काळा पडतो. पुढे तो चहा प्यायचा नाही, हे सांगायला नको.

चार हिरवे आणि एक कॉस्टिक सोडा

फिकट हिरवं द्रावण हातात आलं तर ते निकेल, द्विसंयुजी लोह, क्रोमियम किंवा संहत कॉपर क्लोराइड यांपैकी काहीही असू शकतं. इथून पुढची कामं प्रयोगशाळेतच करायची, कारण निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियमचे क्षार घरी ठेवण्यासारखे नाहीत.

थोडं द्रावण घेऊन त्यात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. अवक्षेप पोपटी हिरवा आला आणि तसाच राहिला तर निकेल. मळकट हिरवा आला आणि वरचा थर, जिथे हवा लागते तिथे, काही मिनिटांत तपकिरी व्हायला लागला तर लोह. राखाडी हिरवा आला आणि जास्तीच्या हायड्रॉक्साइडमध्ये विरघळून हिरवं द्रावण झालं तर क्रोमियम. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घालून तापवलं की पिवळं क्रोमेट मिळतं. आणि निळा अवक्षेप येऊन तापवल्यावर काळा पडला तर ते तांबंच होतं. या परीक्षेत दहा मिनिटं नळीकडे बघत बसण्याची तयारी हवी. नळी रॅकला लावून शेजारच्याशी गप्पा मारणाऱ्याचं लोह निसटतं.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाची चूकही इथेच सुटते. निकेलमध्ये अमोनिया घातला की आधी हिरवा अवक्षेप, मग निळं द्रावण. तांब्याचा अवक्षेप निळा होता. शेवटचा निळाही सारखा नाही: तांब्याचा गर्द, निकेलचा त्यामानाने हलका. शंका उरली तर अमोनियायुक्त द्रावणात डायमिथिल ग्लायऑक्झाइम घाला, ज्याला सगळे डीएमजी म्हणतात. निकेल असेल तर गुलाबी-लाल, मखमली अवक्षेप येतो. ही परीक्षा रशियन रसायनतज्ज्ञ चुगायेव यांनी १९०५ मध्ये दिली, आणि इतका देखणा अवक्षेप अख्ख्या प्रॅक्टिकलमध्ये दुसरा नाही, हे माझं मत.

गुलाबी दोघे

कोबाल्टचा गुलाबी ठळक असतो, मँगनीजचा पुसट. कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणात संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, ते निळं होतं. आम्ल इतकंच घाला की रंग मधला, जांभळट राहील. मग ती नळी गरम पाण्यात बुडवा: निळी. बर्फात: गुलाबी. पुन्हा गरम: पुन्हा निळी. क्लोराइडची सोबत घ्यायला उष्णता लागते, म्हणून गरम केलं की समतोल तिकडे झुकतो. ओलावा दाखवणारे सिलिका जेलचे जुने निळे मणी दमट हवेत गुलाबी व्हायचे, ते याच कारणाने. कोबाल्ट क्लोराइडच्या धोक्यामुळे आता त्याऐवजी नारिंगी मणी जास्त दिसतात.

कोबाल्टच्याच अमोनियायुक्त क्षारांवर आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये आपला सिद्धांत उभा केला. कोबाल्ट, क्लोरीन आणि अमोनिया तेच, पण सहा अमोनिया असलेला क्षार पिवळा, पाच असलेला जांभळट लाल, आणि चार असलेले दोन, एक हिरवा आणि एक जांभळा. सिल्व्हर नायट्रेट घातलं तर पहिल्यातले तीनही क्लोराइड खाली बसतात, दुसऱ्यातले दोन, चार अमोनियाच्या क्षारांतला एकच. बाकीचे धातूला चिकटून आतल्या वर्तुळात बसलेले असतात. १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मँगनीजच्या द्रावणात सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की मळकट पांढरा अवक्षेप येतो आणि हवेत तपकिरी होतो. एवढं पुरतं. पण मँगनीजची दुसरी बाजू फार रंगतदार आहे.

परमँगनेट: नियमाबाहेरचा जांभळा

पोटॅशियम परमँगनेटचे दोन-चार कण बादलीभर पाणी गुलाबी करतात. त्यातल्या मँगनीजमध्ये मात्र एकही डी इलेक्ट्रॉन उरलेला नसतो. वरचा हिशेब लावला तर ते रंगहीन हवं. इथे रंग येतो तो प्रकाशाने ऑक्सिजनचा इलेक्ट्रॉन मँगनीजकडे उडी मारतो म्हणून, आणि अशा उडीचं शोषण डी कक्षकांतल्या उडीपेक्षा कितीतरी पट जोरदार असतं. पिवळं क्रोमेट आणि नारिंगी डायक्रोमेट याच जातीचे.

म्हणूनच फेरस अमोनियम सल्फेट आणि परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने घालून प्रमाण मोजताना, रंगाने शेवट दाखवणारा वेगळा दर्शक लागत नाही. ब्युरेटमधला जांभळा थेंब शंकुपात्रात पडतो आणि उडून जातो, कारण मँगनीज द्विसंयुजी होतं आणि इतक्या विरल द्रावणात त्याचा गुलाबी दिसत नाही. लोह संपलं की पुढचा एक थेंबही अख्ख्या फ्लास्कला गुलाबी करतो. तो गुलाबी अर्धं मिनिट टिकला की तोटी बंद करा. गडद गुलाबी होईपर्यंत थांबलात तर रीडिंग पुढे गेलं.

धुवायच्या आधी

तांब्याची द्रावणं मोरीत ओतू नका, तांबं माशांना आणि शेवाळाला मारक असतं. सगळ्या नळ्या एका चंचुपात्रात रिकाम्या करा, फक्त अमोनियाची नळी वेगळी ठेवा, कारण तांब्याला अमोनिया धरून ठेवतो आणि सोड्याने ते खाली बसत नाही. ती नळी प्रयोगशाळेतच द्या. बाकीच्यात धुण्याचा सोडा घालत राहा, नवा साका येईनासा होईपर्यंत. रात्रभर ठेवून साका बसला की वरचं पाणी तपासा. ते नुसत्या डोळ्याला रंगहीन दिसेल, पण पांढऱ्या कागदावर नळी उभी धरून वरून बघा, आणि निळी झाक उरली असेल तर अजून सोडा घाला. साका गाळून, वाळवून, चिठ्ठी लावून प्रयोगशाळेच्या टाकाऊ रसायनांच्या बरणीत जातो. निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियमच्या बरण्या वेगळ्या असतात, त्यांत तांबं मिसळू नका.